हक्काची मजुरी : कै. वि. स. पागे आणि आमचा धर्मग्राम

धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासाचे एक प्रकरण लिहावे, अशी महोत्सव-समितीने आम्हांस विनंती केली, तेव्हा समितीच्या मनात काय होते हे आम्ही जाणून होतो. कोनशिला कोणत्या साली बसली, मनोऱ्यावरील घंटा कोठून आली, कोणकोणते फादर येथे किती वर्षे राहिले, ही सर्व माहिती अन्य पानांवर आलेली आहे व ती यथायोग्य आहे. आम्ही मात्र ह्या पानांत अशा एका गृहस्थाविषयी लिहिणार आहोत, की जो ख्रिस्ती नव्हता, ज्याने आमच्या मंदिराची पायरी कधी चढल्याचे आम्हांस ठाऊक नाही, आणि ज्याचे गाव येथून दूर, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात. कैलासवासी विठ्ठल सखाराम पागे हे त्याचे नाव. महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती म्हणून 1960 पासून 1978 पर्यंत त्यांनी काम केले.

"फादर, हे आपल्या पुस्तकात कशाला?" असा प्रश्न समितीतील एका वडीलधाऱ्या सभासदाने आम्हांस केला. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नसल्यामुळेच हा लेख लिहिला आहे.

उत्तराचा आरंभ आमच्या डोळ्यांसमोरच आहे. मोठ्या सडकेपासून मंदिरापर्यंत जो रस्ता येतो, त्या रस्त्याने आज मोटारी येतात. दफनभूमीच्या खालच्या अंगास जो पाझर तलाव आहे, त्याच्या पाण्यावर तीन वाड्यांच्या विहिरी मार्च महिन्यापर्यंत तग धरतात. डोंगराच्या कुशीतील नालाबांध तर आता गवताखाली झाकून गेले आहेत. गुरे चारणाऱ्या मुलांखेरीज त्यांची आठवण कोणी काढीत नाही. ह्यांपैकी एकही काम मिशनच्या पैशाने झालेले नाही. ही कामे रोजगार हमी योजनेची होत, आणि त्यांवर घमेली वाहिली, टिकाव मारले, खडी फोडली ती ह्याच धर्मग्रामातील स्त्रीपुरुषांनी. मंदिरातील बाकांवर देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. रस्त्यावर कोणाचे नाव नाही.

नगर जिल्ह्यास (2024 पासून ज्यास अहिल्यानगर म्हणतात) निसर्गाने दोन निरनिराळी दैवे दिली आहेत. प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांखालील भागात ऊस डोलतो, साखर कारखान्यांची धुराडी दिसतात. कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथे बाजरी व ज्वारी, आणि तीही आकाशाच्या मर्जीवर. आमचा धर्मग्राम ह्या दुसऱ्या दैवाचा. आमच्या लोकांपैकी पुष्कळांजवळ जमीन मुळीच नव्हती. ज्यांच्याजवळ होती त्यांची ती माळाची, मुरमाड. ह्या जिल्ह्यातील ख्रिस्तमंडळीचा इतिहास दुष्काळांच्या इतिहासापासून निराळा काढता येत नाही, हे आमच्या वडील पिढीस सांगावयास नको.

दुष्काळात सरकारने कामे काढावयाची ही कल्पना जुनी आहे. 1876 ते 1878 च्या महादुर्भिक्षानंतर, 1880 च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून, इंग्रज सरकारने प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम तयार केले. त्या नियमांची एक मेख होती. पिकांची आणेवारी पाहून दुष्काळ पडला की नाही हे सरकार ठरवणार. दुष्काळ जाहीर झाला तर काम निघणार. आणि दाम किती द्यावयाचे हेही सरकारच ठरवणार. 1877 साली तर सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या सल्ल्याने मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्य व किरकोळ पैसे इतक्यावर आणण्यात आली. त्यावेळी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही कामे सोडून दिली, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी माणूससुद्धा अपमानास्पद दाम नाकारतो, हे त्या लोकांनी तेव्हाच दाखविले होते. तथापि नियमाचे मूळ तेच राहिले. सरकार देईल तेव्हा घ्यावे, सरकार बंद करील तेव्हा घरी जावे. भुकेल्या माणसास मागण्याचा अधिकार नव्हता. त्याची भूक केवळ एक चिन्ह होते, की ज्यावरून अधिकाऱ्याने दुष्काळाचे निदान करावे.

ह्या जुन्या घडीस हात घालण्याचे काम पागे ह्यांनी केले, म्हणून ते आमच्या इतिहासात येतात.

त्यांचा जन्म 1910 सालचा. गांधीजींच्या विचारांत वाढलेला, संतवाङ्मयाचा अभ्यास असलेला हा पुरुष स्वभावाने शांत होता. विसापूर येथे त्यांची शेती होती. तेथील एक हकीगत पुष्कळदा सांगितली जाते. सातशे रुपये खर्चावयाचे ठरले तर किती माणसांस किती दिवस काम देता येईल, असा हिशेब त्यांनी आपल्या शेतावर करविला. पंधरा मजुरांस वीस दिवस, असे उत्तर आले. म्हणजे एका माणसास एका दिवसाचे सव्वादोन रुपयांहून थोडे अधिक. शेतकऱ्याच्या घरी असे हिशेब रोजच होतात. पागे ह्यांनी तोच हिशेब पुढे चालवून साऱ्या राज्याला लावून पाहिला: इतक्या पैशात इतक्यांस काम मिळते, तर राज्यातील काम मागणाऱ्या प्रत्येक माणसास ते देण्यास किती लागेल? हा प्रश्न त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्यापुढे मांडला, आणि 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा एक लहानसा प्रयोग सुरू झाला. लोक त्यास पागे योजना म्हणत.

विधान परिषदेच्या सभापतीचे आसन उंच असते, परंतु त्याच्या हाती फार थोडे असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्याने वादात पडावयाचे नाही. दोन्ही बाजूंची मते सारखी झाली तरच त्याने मत द्यावयाचे. खाते नाही, तिजोरी नाही. अशा आसनावर बसलेल्या पुष्कळांनी घंटा वाजविण्यात व स्वागताचे हार घेण्यात काळ घालविला असता आणि कोणी त्यांस नावे ठेविली नसती. पागे ह्यांनी पत्रे लिहिली, टिपणे केली, मंत्र्यांची व अधिकाऱ्यांची मने वळविली. आम्हांस वाटते, ह्याच कारणामुळे ही योजना कोणा एका मंत्रिमंडळाची झाली नाही. नाईक ह्यांच्या काळात तिची सुरुवात झाली. 1975 च्या फेब्रुवारीत शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले तेव्हा ती चालू राहिली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना 1977 साली कायद्याचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. आणि 26 जानेवारी 1979 रोजी कायदा अमलात आला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते व सरकार निराळ्याच पक्षांच्या आघाडीचे होते. चार मुख्यमंत्री बदलले, मध्ये आणीबाणी येऊन गेली, आणि त्या बहुतेक साऱ्या काळात पागे सभापतीच्या आसनावर होते.

परंतु कायदा केवळ विसापूरच्या हिशेबातून जन्मला असे म्हटले तर ते इतिहासास धरून होणार नाही. त्यास 1972 चा दुष्काळ कारण झाला.

त्या दुष्काळाविषयी नव्याने काय लिहावे? 1970 व 1971 ही वर्षे अपुऱ्या पावसाची गेली, आणि 1972 साली पावसाने पाठच फिरविली. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. 1971 च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची वस्ती 5 कोटी 4 लाखांच्या आसपास होती, म्हणजे लहान मुले व म्हातारे धरून दहांतील एक माणूस खडी फोडीत होता किंवा माती वाहत होता. आमच्या दप्तरात त्या सालच्या विवाहनोंदी फारच थोड्या आहेत. पूर्वीच्या फादरांच्या हस्ताक्षरात पान अर्धे कोरे राहिलेले आहे. लाल मिलो ज्वारीची भाकरी व सुकडी ह्या दोन वस्तूंचे नाव काढले की आमच्या येथील वृद्ध आजही हसतात, आणि मग गप्प होतात.

कामे काढणे भाग पडले, ते केवळ सरकारच्या कनवाळूपणाने नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मजूर संघटित झाले होते. आमच्याच जिल्ह्यातील संगमनेर भागाचे दत्ता देशमुख, जे स्वतः इंजिनियर होते, त्यांनी व लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी दुष्काळी मजुरांचे मोर्चे काढले. अन्य विरोधी पक्षही मागे नव्हते. आमच्यापैकी काही धर्मगुरूंस त्या काळी लाल निशाणाचे भय वाटे, व आपल्या लोकांनी त्या मोर्चांत जाऊ नये असे ते सांगत. लोक मात्र गेले. आज मागे वळून पाहता, लोकांचे पाऊल बरोबर पडले होते असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणावे लागते. ह्याच सुमारास, 1971 साली, पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ ह्यांचा भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथ निघाला होता, आणि ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढून गरिबास रोजगार द्यावा असा त्यांचाही आग्रह होता. सभापतीचा हिशेब, विद्वानांचा ग्रंथ, मजुरांचा मोर्चा: ह्यांतील एकाने कायदा झाला असे म्हणणारे तिघांवरही अन्याय करतात.

आता कायद्यात काय होते ते पाहू. कारण आमच्या तरुण वाचकांपैकी अनेकांस वाटते की रोजगार हमी म्हणजे सरकारी मेहेरबानीचे खणकाम.

ग्रामीण भागातील अठरा वर्षांवरील कोणाही माणसाने, अंगमेहनतीचे काम करण्याची तयारी असल्यास, गावात आपले नाव नोंदवावे व काम मागावे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले पाहिजे. ते शक्यतो आठ किलोमीटरांच्या आत असावे. काम न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. तो दिवसाला निदान एक रुपया ठरला होता. कोणते काम करावयाचे हे मजुराने ठरवावयाचे नव्हते, व निदान तीस दिवस सलग काम करण्याची त्याची तयारी असावी लागे. नवे काम उघडण्यास सामान्यतः पन्नास मजूर जमावे लागत. मजुरी मापावर: मऊ माती निराळी, मुरूम निराळा, खडक निराळा, माती किती दूर वाहिली व किती उंच चढविली हेही धरले जाई. पुरुषाने केलेले माप व स्त्रीने केलेले माप ह्यांचे दाम सारखे. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, व लेकुरवाळ्या बायांच्या मुलांची सोय करावयाची.

हे नीट वाचले म्हणजे जुन्या दुष्काळी नियमांपासूनचा भेद ध्यानात येतो. आता आणेवारी किती, दुष्काळ जाहीर झाला की नाही, हा प्रश्न राहिला नाही. काम हवे की नको हे मजूर सांगणार. आणि सांगितल्यावर पंधरा दिवसांची मुदत सरकारवर लागू होणार. राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात कामाचा अधिकार राज्याने आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेत मिळवून द्यावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. परंतु त्या तत्त्वासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्या तत्त्वाचा कायदा केला. असे करणारे हे भारतातील पहिले राज्य होय.

पैसा कोठून आला, हा भाग आम्हांस विशेष विचारणीय वाटतो. 1975 साली व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातील कारकुनाच्या, शिक्षकाच्या, गिरणीकामगाराच्या पगारातून दरमहा जी एक लहानशी रक्कम कापली जाऊ लागली, ती ह्या योजनेकरिता. त्याखेरीज मोटारींवर, विक्रीवर व ओलिताखालील जमिनीवर अधिक कर बसला. म्हणजे कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्याने कोरडवाहू भागातील मजुराच्या भाकरीस हातभार लावावयाचा. ह्या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, असेही ठरले. आमच्या धर्मग्रामातील जे तरुण पुढे शिकून मुंबईस रेल्वेत व शाळांत नोकरीस लागले, त्यांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचा आकडा असे, आणि त्याच वेळी त्यांच्या आया येथे बांधावर माती टाकीत असत. आपला पैसा आपल्याच आईच्या घमेल्यात पडतो आहे, हे त्यांच्यापैकी कितीकांस ठाऊक असेल, कोण जाणे.

आमच्या स्वतःच्या आठवणीचे चार शब्द येथे लिहिल्यास वाचक क्षमा करतील. आमचा जन्म ह्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका धर्मग्रामातला. कायदा अमलात आल्यावर दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुटीत, आई पाझर तलावाच्या कामावर जाई, आणि आमच्याकडे धाकट्या बहिणीस सांभाळण्याचे काम असे. सावलीसाठी म्हणून चार बांबूंवर एक गोणपाट बांधलेले होते; त्याची सावली सकाळी एकीकडे व दुपारी दुसरीकडे पडे, आणि आम्ही सर्व मुले तिच्यामागे सरकत असू. टँकर कधी येई, कधी न येई. पंधरवड्याने पगार व्हावयाचा, तो महिन्याने होई. एका मुकादमाने हजेरीपटावर नसलेली नावे घालून व असलेल्या नावांचे दिवस कमी करून बराच पैसा खाल्ला, असे सर्व बायांस ठाऊक होते. कोणी बोलत नसे, कारण पुढच्या हजेरीपटावर नाव हवे होते.

एके दिवशी मात्र आई बोलली. तिला लिहिता येत नव्हते. तिने आपल्या दिवसांचा हिशेब झोपडीच्या कुडावर शेणाचे ठिपके देऊन ठेवला होता, आणि आम्हांस ते मोजावयास लावून, आकडा कागदावर लिहवून, तो कागद घेऊन ती पगाराच्या दिवशी उभी राहिली. सहा दिवसांचे पैसे कमी होते. त्यांपैकी चार दिवसांचे मिळाले. दोन दिवसांचे कधीच मिळाले नाहीत. परंतु परत येताना ती वाटेत जे म्हणाली ते आम्ही विसरलो नाही. ती म्हणाली, "मागायला गेले नव्हते मी, माझं आणायला गेले होते."

ह्या वाक्याने आम्हांस पुढे, सेमिनरीतील अभ्यासाच्या काळातही, पुष्कळ विचार करावयास लावले. कारण ह्यापूर्वी आमच्या घरात धान्य येई ते दोन वाटांनी: पाटलाच्या वाड्यावरून बलुत्यासारखे, आणि मिशनच्या फाटकातून. दुष्काळात मिशनने गहू, दुधाची भुकटी व तेल वाटले. त्या वाटपाने मुले जगली, आम्हीही जगलो, आणि ते वाटणाऱ्या फादर-सिस्टरांचे ऋण ह्या स्मरणिकेच्या अन्य पानांवर योग्य शब्दांत मानले आहे. परंतु फाटकासमोरची रांग ही रांगच असते. रांगेतील माणूस मान खाली घालतो. फाटक उघडणारा कितीही प्रेमळ असो, किल्ली त्याच्या हाती असते. पागे ह्यांच्या कायद्याने आमच्या लोकांस निराळ्या तऱ्हेचे धान्य मिळू लागले; त्याचे दाम आधी घामाने दिलेले होते, आणि त्याबद्दल कोणाचे आभार मानावयाचे नव्हते. हे लिहिताना धर्मगुरू ह्या नात्याने आम्हांस थोडा संकोच होतो, परंतु त्या काळातील काही धर्मगुरूंची तक्रार होती की हमीची कामे निघाल्यापासून लोक रविवारी कमी येतात. बाया सहा दिवस माती वाहून सातव्या दिवशी धुणे-पाणी करीत, हे त्या तक्रारीचे उत्तर होय. परंतु किल्लीचे वजन थोडे कमी झाले होते, हेही नाकारता येत नाही.

स्त्रियांचा भाग ह्या कामांत फार मोठा होता. कारण उघड आहे. काम गावाजवळ, दाम सारखे, आणि शेतमालकाच्या बांधावर जे बोलणे ऐकावे लागे ते येथे नव्हते. शेतावरील मजुरीत पुरुषाच्या निम्म्याने मिळणाऱ्या बाईस मापावर पूर्ण दाम मिळाले, की तिच्या घरातील बोलणेचालणेही बदलते. आमच्या धर्मग्रामातील शाळेत मुलींची संख्या केव्हा वाढली ह्याचे पट आमच्याजवळ आहेत; 1980 नंतरच्या वर्षांत ती वाढलेली दिसते. ह्यास केवळ रोजगार हमी कारण झाली असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. सिस्टरांनी घरोघर फिरून मुली आणल्या हेही खरे आहे. परंतु सिस्टर दारात आल्या तेव्हा आईच्या कनवटीस स्वतःचे पैसे होते.

कायद्याचे दोष झाकून ठेवणे हे इतिहासकाराचे काम नव्हे. बेकारी भत्ता कागदावरच राहिला. तो मिळाल्याचे उदाहरण आमच्या धर्मग्रामात एकही नाही, आणि राज्यातही ती उदाहरणे दुर्मिळ होत. पुष्कळ तलाव अर्धवट राहिले. बांध घातला व सांडवा बांधावयाचा राहिला, म्हणून पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून गेली, असे प्रकार झाले. 1988 साली किमान वेतनाचे दर बरेच वाढले व ते ह्या कामांसही लागू झाले. ही न्यायाची गोष्ट होती. परंतु त्यानंतर कामे उघडण्यात हात आखडला गेला व हमी ढिली पडली, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. दाम वाढले, काम दुर्मिळ झाले. ह्या योजनेच्या नावाने जमविलेला कराचा पैसा पुढे कित्येक वर्षे पुरता खर्चही झाला नाही, ही तर सरळ दिलेल्या शब्दाची मोडतोड होय. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून कामे तपासते. तिच्या दौऱ्याची बातमी आली की कामावर पिंप भरून पाणी येई, असे आमची वृद्ध मंडळी सांगतात. समितीने रोज दौरे काढावेत, अशी त्यांची सूचना होती.

तरीही ह्या दोषांमुळे पागे ह्यांच्या कामाचे मोल कमी होते असे आम्हांस वाटत नाही. ज्या तालुक्यात लोकांनी अर्ज लिहिले, पोच मागितली, मोर्चे काढले, तेथे कामे निघाली. जेथे लोक गप्प राहिले, तेथे हमी झोपून राहिली. कायद्याने मागण्याचा हक्क दिला होता. मागण्याचे धैर्य तो देऊ शकत नव्हता. ते कोठून येते ह्याचे उत्तर शेणाच्या ठिपक्यांत आहे, असे म्हटल्यास आमच्यावर पुत्रप्रेमाचा आरोप येईल, तो आम्ही पत्करतो.

1990 नंतर ह्याच योजनेतून लहान शेतकऱ्यांच्या बांधावर फळबागा लावण्यात आल्या. आमच्या धर्मग्रामातील बोरीची व डाळिंबाची पहिली झाडे तेव्हाची. पाणलोटाच्या कामासही ह्याच सुमारास जिल्ह्यात जोर आला. त्यात स्विस जेज्विट फादर हर्मन बाखर ह्यांनी नगर येथे राहून जे केले ते आमच्या वाचकांस परिचित आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवावे, आणि गावाने श्रमदान करून आपला वाटा उचलावा, हा त्यांचा आग्रह असे. हमीच्या कामावर हात बसलेले गवंडी व मातीकाम जाणणाऱ्या बाया ह्या कामांस आयत्या मिळाल्या, ह्याची नोंद मात्र कोणी केलेली आम्ही पाहिली नाही.

पागे 1990 साली निवर्तले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2005 साली, भारताच्या संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला व 2006 च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात दोनशे जिल्ह्यांत झाली. त्या कायद्याने एका कुटुंबास वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती. दिल्लीतील चर्चेत महाराष्ट्राचे उदाहरण वारंवार दिले गेले. विसापूरच्या शेतावरील पंधरा मजुरांचा हिशेब कोठवर पोहोचला, हे पाहावयास ते नव्हते.

समितीतील त्या वडीलधाऱ्या सभासदांस हा लेख आम्ही छापण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला व म्हणाले, "फादर, मंदिराच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा मी पण होतो. खडी माझ्या वाट्याला आली होती." नंतर त्यांनीच सुचविले, की रस्त्याच्या व तलावाच्या कामावर असलेल्यांपैकी जे हयात आहेत, त्यांची नावे देणगीदारांच्या यादीत घालावी. समितीने हे एकमताने मान्य केले.

यादी करण्यास आम्ही स्वतः वाड्यावाड्यांतून फिरलो. एकूण तेवीस नावे मिळाली, त्यांपैकी सतरा स्त्रियांची आहेत. एका आजीबाईंचे बाप्तिस्म्याचे नाव एक व हजेरीपटावरचे दुसरेच निघाले. मुकादमाने ऐकू आले तसे लिहिले होते व त्याच नावावर त्यांनी चार वर्षे पगार घेतला. कोणते छापावे म्हणून विचारले असता त्या म्हणाल्या, दोन्ही छापा, दोघींनी काम केले आहे. त्याप्रमाणे पुढील पानावर दोन्ही नावे छापली आहेत.